पुरात मदत करताय? मग लोकांना जाब देण्याची सोयही करा

पावसाळ्यात कळव्याच्या डोंगरउतारावर, मुंब्र्यात, राबोडीत, दिघ्याच्या पाड्यांवर किंवा तुर्भ्याच्या वस्तीत कुठे ना कुठे पाणी शिरतं, कुठे दरड कोसळते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की खाडीकाठच्या गल्ल्यांना पर्यायच उरत नाही. काही तासांतच गणेशोत्सव मंडळं, गृहसंकुलांचे गट, छोटे ट्रस्ट, कॉलेजची पोरं, कंपन्यांचे स्वयंसेवक टेम्पो घेऊन हजर होतात. ठाणे आणि नवी मुंबईतला हा धावून जाण्याचा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो.

पण मदत वाटून झाल्यावर कोणाला काय कळवलं जातं, ते बघा. देणगीदाराला फोटो जातात, हिशेब जातो, आभाराचं पत्र जातं. ज्या बाईच्या घरातलं धान्य भिजलं, तिला किट कोणी दिलं हेही माहीत नसतं. शेजारच्या गल्लीत दोनदा वाटप झालं आणि आपल्याकडे एकदाही का नाही, हे विचारायचं कोणाला, हे तिला ठाऊक नसतं. विचारलंच तर ‘फुकट मिळतंय तरी तक्रार करते’ असं ऐकून घ्यावं लागतं. हे बदलायला मोठा निधी लागत नाही. कामाची घडी नीट बसवावी लागते. ती कशी बसवायची, ते वाटपाच्या आधीपासून निघेपर्यंतच्या क्रमाने लिहितो आहे.

हे आपण का करायचं

बाधितांना उत्तर देणं हा मदतकार्याचा भाग आहे, हे जगाने फार किंमत मोजून मान्य केलं. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत साफ लिहिलं आहे की, ज्यांच्याकडून पैसा घेतो आणि ज्यांना मदत करतो, त्या दोघांनाही आम्ही उत्तरदायी आहोत. त्याच वर्षी रवांडात नरसंहार झाला. तिथल्या मदतीच्या पुढे झालेल्या मूल्यमापनाने संस्थांचे अनेक दोष उघड केले. मदतीचा किमान दर्जा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांच्या कामाला त्यातूनच वेग आला. २०१४ मध्ये मानवतावादी कामाचं गाभा मानक (कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड), म्हणजे मदतसंस्थांनी पाळायच्या वचनांची यादी, आलं आणि २०२४ मध्ये ते सुधारलं गेलं. त्यातल्या नऊ वचनांपैकी एक थेट तक्रारींबद्दल आहे: लोकांना सुरक्षितपणे तक्रार करता आली पाहिजे आणि तिची दखल घेतली गेली पाहिजे.

आपल्याकडे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या कलम ६१ प्रमाणे मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. कलम ५३ प्रमाणे मदतीचा पैसा किंवा सामान हडपणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ही दोन कलमं मंडळाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवीत.

मे महिन्यातली बैठक

पाणी गुडघ्याला लागल्यावर नियम ठरत नाहीत. म्हणून पावसाआधी एक संध्याकाळ काढा आणि आपली ऐपत किती ते आधी मोजा. आपण दोनशे कुटुंबांचं करू शकतो की चाळीस? कोरडा शिधा देणार की शिजवलेलं अन्न, की साफसफाईचं सामान? ज्याची ऐपत नाही त्याचं आश्वासन वस्तीत कोणीही द्यायचं नाही, हा पहिला नियम.

दुसरं, तक्रार ऐकणारा माणूस ठरवा. तो वाटपात नसावा आणि खजिनदारही नसावा. शक्यतो एक पुरुष आणि एक बाई, अशी जोडी ठेवा. त्यांच्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या, कारण अध्यक्षांच्या खाजगी नंबरवर अध्यक्षांच्या पुतण्याची तक्रार कोणी करणार नाही.

तिसरं, एका पानाचं वागणुकीचं पत्रक करा आणि प्रत्येक स्वयंसेवकाची त्यावर सही घ्या. मदतीच्या बदल्यात पैसे, सेवा, मत, फोटो किंवा शरीर यातलं काहीही मागायचं नाही. लहान मुलांसोबत एकट्याने थांबायचं नाही. कोणाची जात-धर्म विचारायची नाही. सही घेताना पत्रक मोठ्याने वाचा, नुसतं पुढे सरकवू नका.

महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, प्रभाग समिती किंवा विभाग कार्यालय, जवळचं पोलीस ठाणं, त्या भागातल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका, या सगळ्यांचे नंबर एका कागदावर काढून ठेवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबरही त्यात असू द्या.

खरेदीच्या आधी विचारा

पहिल्या दिवशी पोटाला अन्न आणि प्यायला पाणी पोचवा, सर्वेक्षण करत बसू नका. दुसऱ्या दिवसापासून मात्र विचारल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका.

बहुतेक गट तांदूळ-डाळ-तेलाची पिशवी करतात, कारण ती भरायला सोपी असते. पण ज्या खोलीत कमरेइतकं पाणी होतं तिथली शेगडी चिखलाने भरलेली असते, सिलिंडर वाहून गेलेला किंवा रिकामा असतो. अशा घराला तिसरं किट दिलं तरी तांदूळ शिजणार कशावर? बायकांना विचारलं तर त्या पटापट सांगतात: शेगडी दुरुस्त करणारा माणूस आणा, ब्लीचिंग पावडर आणि खराटा द्या, मोबाइल चार्ज करायला एक बोर्ड लावा, पोरांच्या वह्या द्या, भिजलेलं रेशनकार्ड नव्याने काढायला कोणीतरी सोबत या. यातल्या काही गोष्टी किटपेक्षा स्वस्त पडतात.

कोणाला विचारायचं, याला फार महत्त्व आहे. वस्तीत शिरताच पुढे येणारा दादा, चाळ कमिटीचे अध्यक्ष किंवा माजी नगरसेवकांचा माणूस यांना भेटाच, त्यांच्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. पण तिथेच थांबू नका. घरकामाला जाणाऱ्या बायका सकाळी सातला निघतात आणि दुपारी किंवा संध्याकाळी परततात, त्यांच्यासाठी रात्री आठची बैठक ठेवा आणि तिथे पुरुष कार्यकर्ते नकोत. नाका कामगार पहाटे नाक्यावर भेटतात. मुंब्रा-राबोडीत उर्दू-हिंदी बोलणारा सोबती हवा, तुर्भ्याच्या बाजूला कन्नड किंवा तेलुगू जाणणारा असला तर दारं लवकर उघडतात. येऊरच्या पाड्यांवर आधी तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोला. अंथरुणाला खिळलेला म्हातारा आणि चालता न येणारी मुलगी बैठकीला येणारच नाहीत, त्यांच्या दारी जावं लागेल.

ऐकून घेतल्यावर परत जाऊन सांगा: तुम्ही या चार गोष्टी मागितल्यात, दोन आम्ही आणतो, उरलेल्या दोन आमच्या आवाक्यात नाहीत. बरेच जण ही पायरी गाळतात आणि लोक वाट बघत राहतात.

यादी: सगळी भांडणं इथेच सुरू होतात

आमच्याकडच्या चाळींमध्ये मालक एक आणि राहणारे दुसरेच, असं सर्रास असतं. भाडेकरार अनेकदा कागदावर नसतो. यादी चाळ कमिटीकडून आली की भाडेकरू गळतात, कारण कमिटीच्या वहीत मालकाचं नाव असतं. म्हणून यादी घरोघर जाऊन तयार करा आणि प्रश्न एकच ठेवा: पाणी आलं त्या रात्री या खोलीत कोण झोपत होतं? एका दारामागे दोन चुली असतील तर दोन नोंदी करा. एकट्या बाईचं घर असेल तर नोंद तिच्या नावाने करा, गावी असलेल्या नवऱ्याच्या नावाने नको.

निकष डोळ्यांना दिसणारा हवा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. ती गुडघ्याच्या वर असलेल्या खोल्यांना पूर्ण किट, खाली असलेल्यांना साफसफाईचं सामान, असं ठरवलं तर कोणालाही स्वतः जाऊन पडताळता येतं. ‘गरजू’ हा निकष नव्हे. गरजू कोण हे ठरवणाऱ्याच्या हातात त्याने सगळी सत्ता जाते.

यादी तयार झाली की संध्याकाळी चौकात उभं राहून मोठ्याने वाचा. फक्त खोली क्रमांक आणि नाव. फोन नंबर, आजारपण, गरोदरपण, जात यातलं काहीही वाचायचं नाही आणि भिंतीवर लावायचंही नाही. ‘कोणाचं नाव राहिलं? कोणाचं दोनदा आलं?’ असं विचारा आणि हरकतींसाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतचा वेळ द्या. लोक एकमेकांना चांगलं ओळखतात. खोटी नावं बहुतेक वेळा या वाचनातच गळून पडतात आणि सुटलेली खरी नावं पुढे येतात. चौकात बोलायला धजावणार नाहीत अशांसाठी फोन नंबर तिथेच पुन्हा सांगा.

गल्लीच्या तोंडाशी फलक

वाटपाच्या आदल्या दिवशी एक साधा फलक लावा. मजकूर असा असू द्या:

‘आम्ही (मंडळाचं नाव, पत्ता). शनिवारी संध्याकाळी ७ ते ९ या गल्लीत वाटप. पाणी गुडघ्याच्या वर आलेल्या प्रत्येक चुलीला एक किट. किटमध्ये: तांदूळ ५ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, चादरी २, सॅनिटरी पॅडची पाकिटं २, ब्लीचिंग पावडर १ किलो. हे फुकट आहे. यासाठी कोणालाही पैसे, कागद, मत किंवा काम देऊ नका. कोणी मागितलं, किट कमी भरलं किंवा तुमचं नाव राहिलं तर या नंबरवर सांगा. तक्रार केली म्हणून कोणाचं किट बंद होणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका, तक्रार करणाऱ्याला पहिली भीती तीच असते. किटमधल्या वस्तू वजनासह लिहिल्या की मधल्यामध्ये चादर काढून घेणंही अवघड होतं. फलक मराठीत आणि हिंदीत करा, गरज असेल तिथे उर्दूतही. सगळ्यांना वाचता येत नाही, तेव्हा हाच मजकूर भोंग्यावरून दोन वेळा ऐकवा. फलकावर आणि पिशवीवर कोणाचाही चेहरा नको. नेत्याचा फोटो असलेलं किट हातात घेणाऱ्या माणसाला मग त्या नेत्याच्या माणसाविरुद्ध बोलता येत नाही.

वाटपाची वेळ संध्याकाळची किंवा रविवारची ठेवा. सकाळी अकराला रांग लावली तर रोजंदारीवाल्याला किटसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. टोकन घरी द्या, बसायला चटया टाका, म्हाताऱ्यांचं आणि अपंगांचं किट घरपोच करा.

तक्रार आली की काय करायचं

तक्रारपेटी लावून मोकळं होऊ नका. पेटीत चिठ्ठी टाकायला लिहिता यावं लागतं, सगळ्यांसमोर पेटीपाशी जावं लागतं आणि उत्तर कधी मिळेल ते कळत नाही. फोन नंबर ठेवा, मिस्ड कॉल आला की परत फोन करा. आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतच टेबल लावून बसा. बाई कार्यकर्तीने घरोघर एक फेरी मारावी, कारण बऱ्याच गोष्टी उंबऱ्याच्या आतच बोलल्या जातात.

आलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा: तारीख, खोली, काय म्हणणं आहे, कोणाकडे सोपवली, काय उत्तर दिलं, उत्तर कधी दिलं. नाव सांगायचं नसेल तर रकाना रिकामा राहू द्या. मुदतही ठरवून टाका. किट मिळालं नाही किंवा कमी मिळालं, याचा निकाल दुसऱ्या दिवशी. कार्यकर्ता उर्मट बोलला, तीन दिवसांत. पैसे मागितले किंवा लगट केली, त्याच तासाला. लगटीच्या किंवा अत्याचाराच्या तक्रारीची नोंद त्या वहीत करायची नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, चौदा नंबरच्या खोलीतली भाडेकरू बाई सांगते, ‘ताई, माझं किट घरमालकाने उचललं. म्हणाला, खोली माझी, किट माझं.’ अशा वेळी थेट मालकाच्या दारात जाऊन तिच्या नावाने जाब विचारायचा नाही. उद्या तो तिला खोली खाली करायला सांगेल. आधी तिलाच विचारा, काय केलेलं चालेल? मग आपल्या टोकनांची तपासणी करा. चौदा नंबरचं टोकन कोणाच्या हाती दिलं, सही कोणाची आहे? चूक आपल्या नोंदणीत असेल तर तिला त्याच दिवशी दुसरं किट गुपचूप घरपोच करा आणि पुढच्या वाटपापासून टोकन राहणाऱ्याच्याच हातात देण्याचा नियम सगळ्या गल्लीसाठी जाहीर करा. नियम सगळ्यांना लागू झाला की बोट तिच्याकडे जात नाही. शेवटी तिला सांगा की काय केलं आणि का केलं.

काही तक्रारी मान्य होणार नाहीत. पाण्याची रेघ घोट्याएवढीच आहे आणि माणूस पूर्ण किट मागतो आहे. त्यालाही भेटून ‘नाही’ सांगा, निकष दाखवा आणि तुमच्या निर्णयावर त्याला अध्यक्षांकडे दाद मागता येईल हे सांगा. नकार समोर बसून दिला की माणूस रागावतो पण समजून घेतो. उत्तरच दिलं नाही तर पुढच्या वेळी तो बोलणार नाही आणि तुमच्या कामात काय बिघडलं आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

एकाच प्रकारच्या तीन-चार तक्रारी आल्या तर माणसांपेक्षा पद्धतीत दोष शोधा. पॅड नको म्हणणाऱ्या बायका वाढल्या तर बहुधा पुरुष कार्यकर्ते ते सगळ्यांसमोर हातात देत असतील.

अत्याचाराची तक्रार: इथे वेगळा रस्ता

२००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमधून बातमी आली की मदतकार्यातलेच काही जण अन्नधान्याच्या बदल्यात मुलींचं लैंगिक शोषण करत आहेत. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी त्याविरुद्ध सक्त नियम काढले. मदत वाटणाऱ्याच्या हातात सत्ता असते. ठाण्यातल्या मंडळाच्या कार्यकर्त्याच्या हातातही ती असते. ‘आपली पोरं तशी नाहीत’ हे गृहीत धरून चालायचं नाही.

बाईने असं काही सांगितलं तर शांतपणे ऐका, तिच्यावर विश्वास ठेवा, पुन्हा पुन्हा तपशील विचारू नका. ही गोष्ट तक्रार ऐकणाऱ्या बाई कार्यकर्तीकडे आणि एका ठरवलेल्या पदाधिकाऱ्याकडेच राहील, बैठकीत चर्चेला येणार नाही. स्वतः चौकशी करायची नाही, समोरासमोर बसवायचं नाही, समझोता तर अजिबात करायचा नाही. संबंधित कार्यकर्त्याला त्याच दिवशी वस्तीच्या कामातून बाजूला करा. बाईला वैद्यकीय मदत, पोलीस आणि महिला हेल्पलाइन १८१ यांची माहिती द्या, धोका तातडीचा असेल तर ११२. पुढे काय करायचं हा निर्णय तिचा आणि ती जाईल तिथे सोबत जायची तयारी तुमची.

अठरा वर्षांखालचं मूल असेल तर मात्र गप्प बसण्याचा पर्याय नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती मिळालेल्या माणसाने पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे. हे नंबर फलकाच्या खालच्या ओळीत छापा.

शाळेत हलवलेल्या लोकांसाठी टेप घेऊन जा

घरं रिकामी करून लोकांना महापालिकेच्या शाळेत ठेवलं जातं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने निवारा छावण्यांसाठी किमान मानकं ठरवून दिली आहेत: माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, तीस माणसांमागे एक शौचालय, मोठ्या माणसाला दिवसाला किमान २४०० किलोकॅलरी अन्न. सहा मीटर बाय आठ मीटरचा वर्ग म्हणजे अठ्ठेचाळीस चौरस मीटर, म्हणजे तेरा माणसं. तिथे चाळीस असतील तर तसं लिहून प्रभाग कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. ही मानकं वर्गाच्या दारावर मराठीत-हिंदीत चिकटवा. आपल्याला काय मिळायला हवं हे माहीत असलेल्या लोकांना मागण्यासाठी तुमची गरज कमी लागते.

सरकारी मदतीबद्दल एक सावधगिरी बाळगा. पंचनामा महसूल किंवा महापालिकेची माणसं करतात. तुम्ही यादीत नाव घेतलं म्हणजे सानुग्रह अनुदान मिळेल, असं कोणाला वाटता कामा नये. प्रत्येक घरी स्पष्ट सांगा. पंचनाम्याच्या वेळी घरी थांबायला, नुकसानीचे फोटो काढून ठेवायला आणि प्रत मागायला मदत जरूर करा.

फोटो, कागद, हिशेब

हात पसरलेल्या माणसाचा फोटो काढू नका. देणगीदाराला सामान भरलेल्या टेम्पोचा आणि फलकाचा फोटो पुरतो. माणसाचा घ्यायचाच असेल तर किट हातात पडल्यानंतर विचारा, आधी नको. आधी विचारलेल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. आधारच्या झेरॉक्स गोळा करू नका, त्या कुठे जातात याचा हिशेब कोणीच देत नाही. यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका.

जमाखर्च मात्र वस्तीत लावा. किती रुपये आले, किती किट घेतली, एक किट कितीला पडलं, किती वाटली, किती उरली आणि उरलेली कुठे गेली. देणगीदारांना पाठवता तोच कागद, तेच आकडे. लोक प्रश्न विचारतील. कोणी म्हणेल, ही चादर बाजारात स्वस्त मिळते. मग बिल दाखवा. दुकानदार खरंच महाग लावत असेल तर पुढच्या वेळी खरेदीला वस्तीतल्या दोन बायकांना सोबत न्या, भावात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

निघताना

काम संपवण्याची तारीख किमान आठवडाभर आधी जाहीर करा. शेवटच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा: काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं, कोण सुटलं? उत्तरं वहीत लिहा आणि पुढच्या मे महिन्याच्या बैठकीत ती वही पहिल्यांदा उघडा. न सुटलेल्या तक्रारी प्रभाग कार्यालयाकडे किंवा त्या भागात टिकून काम करणाऱ्या संस्थेकडे सोपवा, पण तक्रारदाराच्या संमतीनेच, आणि ती कोणाकडे दिली हे त्याला कळवा. याद्यांमधला खाजगी तपशील फाडून टाका. तक्रारीचा नंबर शेवटच्या वाटपानंतर निदान दोन महिने चालू ठेवा, कारण छळाची किंवा पैसे मागितल्याची गोष्ट लोक कार्यकर्ते वस्तीतून निघून गेल्यावरच सांगतात. तो कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, ते फलकावर लिहून मगच टेम्पो काढा.